हारी रायाला मलय कांपुंगात जाताना: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

मलेशियात नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी राहणाऱ्या मराठी माणसाला कधी ना कधी एखादा मलय सहकारी किंवा शेजारी 'या वर्षी रायाला आमच्या गावी या' असे आमंत्रण देतो. काही पर्यटकही मुद्दाम सणाच्या दिवसांत तिकडे जाण्याचा बेत आखतात. राया म्हणजे हारी राया आयदिलफित्री, अर्थात रमजानचे उपवास संपल्यावर शव्वाल महिन्याच्या पहिल्या दिवशी येणारी ईद. आणि कांपुंग म्हणजे मलय खेडे. शहरांत विखुरलेली भावंडे या दिवसांत आईवडिलांच्या घरी परततात, वर्षभरातल्या चुकांची एकमेकांकडे क्षमा मागतात आणि दिवंगतांच्या कबरींवर जातात. पाहुण्याला या सगळ्यात मनापासून जागा असते, पण ती जागा कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी आणि घराच्या कोणत्या भागात आहे हे समजून घेऊन जाणे ही पाहुण्याची जबाबदारी आहे. पुढील सूचना तयारीपासून निरोपापर्यंतच्या क्रमाने दिल्या आहेत.

पहिली पायरी: दिवस आणि वेळ ठरवणे

रायाची तारीख चंद्रदर्शनावर ठरते. रमजानच्या २९व्या दिवशी संध्याकाळी देशभरातील ठरावीक ठिकाणांहून चंद्रकोर पाहिली जाते आणि त्यानंतर 'मलय राजांच्या राजमुद्रेचे रक्षक' हे पद असलेले अधिकारी दूरचित्रवाणीवरून दुसऱ्या दिवशी राया आहे की आणखी एक उपवास बाकी आहे, हे जाहीर करतात. इस्लामी वर्ष चांद्र असल्यामुळे सण दरवर्षी साधारण दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो: २०२४ मध्ये तो १० एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३१ मार्चला. छापील दिनदर्शिकेतील तारीख म्हणून अंदाजाची समजावी आणि परतीचे तिकीट एक दिवस इकडेतिकडे झाले तरी चालेल अशा बेताने काढावे.

सण नेमका कोणत्या दिवशी सुरू होतो याइतकेच तुम्ही त्यातल्या कोणत्या दिवशी जाता हेही महत्त्वाचे आहे. बहुतेक नवख्यांना पहिल्या दिवशी सकाळीच पोहोचावेसे वाटते. माझे मत याच्या नेमके उलट आहे. पहिल्या दिवसाची सकाळ कुटुंबाची असते. पहाटे अंघोळ करून नवे कपडे घातले जातात, साधारण आठ ते साडेआठच्या सुमारास मशिदीत रायाची खास नमाज होते, त्यानंतर घरी मुले आईवडिलांपुढे गुडघ्यांवर बसून त्यांच्या हाताचे चुंबन घेतात आणि क्षमा मागतात, आणि नमाजाला जोडूनच किंवा थोड्या वेळाने सगळे मिळून कबरस्तानात जातात. तिथे कुराणातील यासीन हा अध्याय वाचला जातो, कबरीवर पाणी शिंपडून फुलांच्या पाकळ्या वाहिल्या जातात. या तासांमध्ये अनेकांच्या डोळ्यांत पाणी असते, विशेषतः त्या वर्षी घरातले कोणी गेले असेल तर. परक्या माणसाने तिथे कॅमेरा घेऊन उभे राहू नये. यजमानांनीच आग्रहाने आदल्या रात्रीपासून मुक्कामाला बोलावले असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही क्षमायाचनेच्या वेळी बाहेरच्या सोप्यात किंवा अंगणात थांबणे योग्य ठरते.

दुसऱ्या दिवसापासून, किंवा पहिल्याच दिवशी बोलावणे असेल तर दुपारनंतर, घरे खऱ्या अर्थाने पाहुण्यांसाठी उघडतात. मलेशियात सुट्टी दोनच दिवसांची असली तरी भेटीगाठी संपूर्ण शव्वाल महिनाभर चालतात. याच काळात 'रुमाह तेरबुका', म्हणजे सर्वांसाठी खुले घर, अशी आमंत्रणे दिली जातात आणि त्यांत धर्माचा भेद नसतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गेल्यास घरातल्या बायकांची धावपळ थोडी कमी झालेली असते, शहरातून आलेली मंडळी अजून गावीच असतात आणि तुमच्याशी निवांत बोलायला सर्वांना वेळ असतो. पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी हेच दिवस उत्तम आहेत. एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्यावी: शव्वालमध्ये आणखी सहा ऐच्छिक उपवास करण्याची प्रथा आहे, त्यामुळे तुम्हाला वाढणारी मावशी स्वतः उपवासाला असू शकते. ती तुमच्याबरोबर जेवत नसेल तर तिला आग्रह करू नये.

गाव रात्रीही पाहण्यासारखे असते. रमजानच्या शेवटच्या दिवसांत, विशेषतः २७व्या रात्रीच्या आसपास, अंगणात आणि वाटेच्या कडेला बांबूचे किंवा डब्यांचे रॉकेलचे दिवे लावले जातात. पेराक राज्यात कुआला कांग्सारच्या परिसरात या दिव्यांना पांजुत म्हणतात आणि तेथील कमानी पाहायला लोक दुरून येतात. रायाच्या आदल्या रात्री पुरुषांचे गट घरोघरी जाऊन तकबीर, म्हणजे ईश्वराच्या थोरवीचा घोष, म्हणतात. फटाके आणि बांबूच्या तोफाही वाजतात. त्यांच्यापासून लहान मुलांना दूर ठेवावे, कारण दरवर्षी त्यांमुळे हाताला इजा झाल्याच्या बातम्या येतात.

दुसरी पायरी: कोणते गाव, कोणाचे आमंत्रण

आमंत्रण असेल तर प्रश्नच नाही, ते स्वीकारावे. आमंत्रण देताना मलय माणूस अनेकदा अगदी सहज बोलतो, त्यामुळे ते औपचारिक होते की मनापासून, असा संभ्रम पडतो. अशा वेळी आठवडाभर आधी संदेश पाठवून 'कोणत्या दिवशी, किती वाजता आणि आम्ही किती जण आलो तर चालेल' असे विचारावे. उत्तरात दिवस आणि वेळ आली की आमंत्रण पक्के समजावे.

ओळखीचे कोणी नसेल तर मलेशियातील शासनमान्य होमस्टे योजनेचा विचार करता येतो. १९९५ मध्ये पहांग राज्यात तेमेर्लोहजवळच्या देसा मुर्नी या गावसमूहातून तिचा प्रारंभ झाला. तिच्यात पाहुणा गावातल्या कुटुंबाबरोबर, त्यांच्याच घरात राहतो आणि जेवतो. मात्र रस्त्यालगत 'होमस्टे' अशी पाटी दिसणारी बहुतांश ठिकाणे म्हणजे भाड्याने दिलेली रिकामी घरे असतात. तेथे स्वयंपाकघर मिळते, कुटुंब मिळत नाही. नोंदणी करताना यजमान त्याच घरात राहतात का, हे स्पष्ट विचारावे. आणखी एक अडचण अशी की रायाच्या पहिल्या तीन-चार दिवसांत खरी होमस्टे कुटुंबे स्वतःच्या मुलानातवंडांत गुंतलेली असतात आणि पुष्कळदा पाहुणे घेत नाहीत. त्यांच्याकडे पहिला आठवडा सरल्यावर जावे.

दूर जाणे शक्य नसलेल्यांसाठी दोन सोप्या जागा आहेत. क्वालालंपूरच्या मध्यभागी, पेट्रोनास मनोऱ्यांच्या सावलीत, कांपुंग बारू आहे. इंग्रज अमदानीत १९००च्या सुमारास मलय लोकांसाठी राखलेली ही शेती-वसाहत आज चहूबाजूंनी उंच इमारतींनी वेढलेली असली तरी तेथे लाकडी घरे अजून उभी आहेत, आणि त्याच नावाच्या एलआरटी या शहरी रेल्वेच्या स्थानकावर उतरून चालत फिरता येते. दुसरी जागा मलाका शहरातील नदीकाठचे कांपुंग मोर्तेन. तेथे व्हिला सेंतोसा हे जुने घर कुटुंबानेच खासगी संग्रहालय म्हणून जपले आहे. या दोन्ही ठिकाणी घरे बाहेरून पाहता येतात, पण उघडे दार दिसले म्हणून आत शिरू नये. ओसरीवरून कोणी 'जेम्पुत मासुक', म्हणजे आत या, असे म्हटले तरच पायऱ्या चढाव्यात. सणात असे म्हणणारे पुष्कळ भेटतात.

तिसरी पायरी: प्रवास

रायाच्या आधीच्या तीन-चार दिवसांत क्वालालंपूर परिसरातून लाखो लोक गावाकडे निघतात. या परतीला 'बालिक कांपुंग' म्हणतात. गणपतीच्या आधी मुंबई-गोवा महामार्गावर अडकलेल्या कोकणी माणसाला याचे वेगळे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. उत्तरेतील बुकित कायु हितामपासून दक्षिणेतील जोहोर बाहरूपर्यंत जाणारा उत्तर-दक्षिण द्रुतगती मार्ग आणि पूर्व किनाऱ्याकडे जाणारा काराक महामार्ग हे दोन्ही या काळात तुंबतात. एरवी सात-आठ तासांत होणारा क्वालालंपूर ते कोता बाहरू प्रवास दुप्पट वेळ घेऊ शकतो. सिंगापूरहून येणाऱ्या मराठी कुटुंबांनी जोहोरच्या सेतूवरील रांगेसाठी आणखी काही तास धरावेत.

म्हणूनच गर्दीच्या उलट दिशेने विचार करावा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गावाकडे जाणारे रस्ते तुलनेने मोकळे असतात, गर्दी शहराकडे परतणाऱ्या बाजूला असते. तुम्ही त्याच दिवशी परतणार असाल तर मात्र ती तुमच्याही वाट्याला येईल, त्यामुळे सप्ताहअखेर टाळून मधल्या वारी यावे. रेल्वेचा पर्याय उत्तम आहे. क्वालालंपूर सेंट्रलहून इपोहमार्गे पादांग बेसारपर्यंत जाणाऱ्या ईटीएस विद्युतगाड्या वेगवान आणि आरामशीर आहेत, पण सणाची तिकिटे विक्री खुली होताच संपतात. दक्षिणेकडे व पूर्वेकडे जाणाऱ्या बसगाड्या बहुतांशी बंदार तासिक सेलातान येथील टीबीएस या मोठ्या स्थानकावरून सुटतात. स्थानकापासून गावापर्यंतचे शेवटचे अंतर हीच खरी अडचण असते. खेड्यात ॲपवरची टॅक्सी सणाच्या दिवशी मिळेलच असे नाही, आणि मिळाली तरी परतीला मिळत नाही. यजमानांना आणायला येण्याचा त्रास द्यायचा नसेल तर स्वतःची किंवा भाड्याची गाडी असावी.

पहिले दोन दिवस गावातली दुकाने, खानावळी आणि कधीकधी पेट्रोलपंपावरचे दुकानही बंद असते. रोख रिंगिट, पिण्याचे पाणी, नेहमीची औषधे आणि लहान मुलांचा खाऊ शहरातूनच घेऊन निघावे. भारतातून येणाऱ्यांनी प्रवेशाचे नियमही पाहून ठेवावेत: भारतीय पासपोर्टधारकांना १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी व्हिसात सवलत देण्यात आली आहे, परंतु ती मुदतीची असल्याने निघण्यापूर्वी तपासावी, आणि आगमनाचे डिजिटल कार्ड येण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावे.

चौथी पायरी: कपडे आणि भेटवस्तू

या दिवशी अख्खे कुटुंब बहुधा एकाच रंगाच्या कपड्यांत असते. पुरुष बाजू मलायु घालतात, त्यावर कमरेभोवती साम्पिन हे जरीचे वस्त्र गुंडाळतात आणि डोक्याला काळी सोंगकोक टोपी असते. स्त्रिया पायघोळ बाजू कुरुंग घालतात. पाहुण्याने हाच पोशाख करावा अशी अपेक्षा नसते, पण केल्यास यजमानांना आनंद होतो. आपल्याकडची सलवार-कमीज किंवा लांब बाह्यांचा कुर्ता आणि पायजमा अगदी योग्य आहे. खांदे, पोटऱ्या आणि गुडघे झाकलेले असावेत. साडी नेसणाऱ्यांनी लांब बाह्यांचा आणि पोट झाकणारा ब्लाउज निवडावा आणि जमिनीवर मांडी घालून बसायचे आहे हे लक्षात ठेवावे. पायांत सहज काढता-घालता येणाऱ्या चपला असाव्यात, कारण एका दिवसात पाच-सहा घरे झाली तर तितक्या वेळा त्या काढाव्या लागतात. हवा दमट आणि उष्ण असते. सुती कापडच बरे.

भेट म्हणून फळांची टोपली, खजूर किंवा बरणीतली बिस्किटे न्यावीत. बाजारातून घेतलेल्या कोणत्याही खाद्यपदार्थावर हलालची अधिकृत खूण पाहून घ्यावी. मद्य असलेली चॉकलेटे आणि प्राणिज जिलेटीन असलेल्या गोळ्या टाळाव्यात. घरी केलेले लाडू किंवा चकली न्यायला हरकत नाही, फक्त त्यांत काय आहे हे देताना सांगावे; शाकाहारी आहे म्हटल्यावर यजमान निश्चिंत होतात.

पाचवी पायरी: घरात शिरताना

पारंपरिक मलय घर लाकडी खांबांवर उभे असते. पुराचे पाणी आणि जनावरे खाली राहावीत, जमिनीची ओल वर येऊ नये आणि फटींतून वारा खेळावा, या सगळ्यासाठी ती उंची असते. जुन्या घरांत खिळ्यांऐवजी लाकडात लाकूड अडकवून सांधे केलेले आढळतात. मलाका भागात पुढचा जिना विटांचा आणि रंगीत फरशांनी मढवलेला असतो, तर नगेरी सेम्बिलानमध्ये मिनांगकाबाऊ पूर्वजांच्या वारशाने छपराची टोके वर वळलेली दिसतात. अनेक गावांत आता जुन्या लाकडी भागाला मागे सिमेंटचे स्वयंपाकघर जोडलेले असते. ते पाहून निराश होऊ नये. घर वापरात आहे म्हणूनच ते बदलले आहे.

चपला जिन्याच्या खालीच काढाव्यात. पायरीपाशी पाण्याचा रांजण असेल तर तो पाय धुण्यासाठी आहे. वर चढण्यापूर्वी आवाज द्यावा आणि उत्तराची वाट पाहावी. मुस्लिमेतर पाहुण्याने 'सलामत हारी राया' एवढे म्हटले तरी पुरते. त्याला जोडून 'माआफ झाहिर दान बातिन' म्हटले जाते. उघड आणि मनातल्याही सर्व अपराधांची क्षमा असावी, असा त्याचा भाव आहे, आणि ते यांत्रिकपणे न म्हणता थांबून म्हणावे.

हस्तांदोलनाची रीत वेगळी आहे. दोन्ही हातांनी समोरच्याचे हात हलकेच स्पर्शून आपला उजवा हात छातीशी न्यायचा असतो. जोराने हात दाबणे उद्धट वाटते. पुरुषाने स्त्रीपुढे आणि स्त्रीने पुरुषापुढे आपणहून हात करू नये. समोरून हात आला तरच तो घ्यावा, एरवी उजवा हात छातीवर ठेवून किंचित झुकावे. वयस्क पुरुषाला 'पाक चिक', स्त्रीला 'माक चिक', आजोबा-आजींच्या वयाच्या व्यक्तींना 'आतोक' आणि 'नेनेक', आपल्याहून थोड्या मोठ्यांना 'आबांग' किंवा 'काकाक' असे संबोधावे. नुसत्या नावाने हाक मारू नये, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही.

घराचा पुढचा लांबट भाग, सेराम्बी, पाहुण्यांसाठी असतो; पुरुष बहुधा तिथेच बसवले जातात. त्यामागे रुमाह इबू हा मुख्य भाग आणि सर्वांत मागे दापूर, म्हणजे स्वयंपाकघर. स्त्री पाहुण्यांना पुष्कळदा आत, थेट स्वयंपाकघरापर्यंत नेले जाते आणि खऱ्या गप्पा तिथेच होतात. पुरुषांनी बोलावल्याशिवाय आत जाऊ नये. खाली बसताना पुरुष मांडी घालतात, स्त्रिया पाय एका बाजूला दुमडून बसतात. तळवे कोणाकडेही करू नयेत. बसलेल्या वडीलधाऱ्यांपुढून जायचे झाल्यास उजवा हात खाली सोडून थोडे वाकून जावे. काही दाखवायचे असेल तर तर्जनी न रोखता मूठ मिटून उजव्या हाताचा अंगठा पुढे करावा. मुलांच्या डोक्यावर हात ठेवण्याची आपली सवय तिथे आवरावी.

सहावी पायरी: जेवण, आणि शाकाहारी पाहुण्याची तयारी

सणाचा आत्मा ताटात आहे, आणि मराठी पाहुण्यांची सर्वाधिक गडबडही इथेच होते, म्हणून हा भाग सविस्तर लिहीत आहे.

ताटात सर्वप्रथम केतुपात येतो. नारळाच्या कोवळ्या पात्यांची चौकोनी पिशवी विणून तिच्यात अर्धीच तांदूळ भरतात आणि कित्येक तास उकळतात; तांदूळ फुगून पिशवी घट्ट भरते व त्याचा वडीसारखा गोळा होतो. तो कापून, पाने बाजूला काढून खायचा असतो. उत्तरेकडील राज्यांत पालास नावाच्या पानात बांधलेला, नारळाच्या दुधातल्या चिकट तांदळाचा त्रिकोणी केतुपात मिळतो. लेमांग हा त्याचा भाऊबंद: केळीचे पान आत लावलेल्या बांबूच्या नळीत चिकट तांदूळ आणि नारळाचे दूध घालून ती नळी निखाऱ्यांजवळ तिरकी उभी करतात आणि तासन्‌तास फिरवत भाजतात. आदल्या दिवशी अंगणात लेमांग भाजला जात असताना पोहोचलात तर नळ्या फिरवायला जरूर मदत करा. नवख्या पाहुण्याची कुटुंबाशी ओळख तिथे जितक्या लवकर होते तितकी दिवाणखान्यात होत नाही.

याबरोबर रेंदांग येते, म्हणजे नारळाच्या दुधात, भाजून वाटलेल्या खोबऱ्यात आणि गवती चहा व गलांगल या आल्यासारख्या मुळाच्या वाटणात पाणी आटेपर्यंत शिजवलेले मांस. पेराकमधील रेंदांग तोक कोरडे आणि गडद असते. मांसाचा तंतू करून केलेले सेरुंदिंग, शेंगदाण्याच्या दाट रस्स्यासह साते, आणि भाताच्या वड्यांवर नारळाच्या दुधातल्या भाज्यांचा रस्सा घातलेले लोंतोंग हे बाकीचे मुख्य पदार्थ. तेरेंगानूत रायाच्या सकाळी नासी दागांग असतो, जोहोरमध्ये स्पॅगेटी घातलेला जोहोर लाक्सा, त्यामुळे गाव बदलले की ताट बदलते.

आता अडचणीची गोष्ट. 'दागिंग' म्हणजे मांस. पण मलय घरात नुसते दागिंग म्हटले की ते बहुधा गोमांस असते. हिंदू गोमांस खात नाहीत हे मलेशियातल्या बहुतेकांना ठाऊक असते आणि कोंबडीचे रेंदांग वेगळे दाखवले जाते, तरीही विचारून खात्री करावी. 'लेम्बू' म्हणजे गाय-बैल आणि 'आयाम' म्हणजे कोंबडी, एवढे शब्द पाठ असावेत. शुद्ध शाकाहारी व्यक्तीने आमंत्रण स्वीकारतानाच कळवावे, ताटावर बसल्यावर नव्हे. सांगण्याचे सोपे वाक्य असे: 'साया ताक माकान दागिंग, आयाम, ईकान, ऊदांग', म्हणजे मी मांस, कोंबडी, मासे, कोळंबी खात नाही, अंडे चालत नसेल तर शेवटी 'तेलूर' जोडावे. ही यादी पूर्ण सांगण्याचे कारण असे की पुष्कळांच्या दृष्टीने भाज्यांच्या रश्श्यात वाटलेला सुका जवळा असला तरी तो भाज्यांचाच रस्सा असतो. बलाचान ही आंबवलेल्या कोळंबीची वडी आणि ईकान बिलिस हे सुके बारीक मासे चटण्यांत, लोंतोंगमध्ये आणि काही घरांत शेंगदाण्याच्या रश्श्यातही असतात. दिसत नाहीत, म्हणून नाहीत असे समजू नये.

मग शाकाहाऱ्याने काय खावे? साधा केतुपात आणि लेमांग निर्धास्त खावेत. त्यांत तांदूळ, नारळाचे दूध आणि मीठ एवढेच असते. शेंगदाण्याचा रस्सा जवळ्याशिवाय असेल तर केतुपाताबरोबर तोच पुरेसा होतो. समुद्री शेवाळापासून केलेले आगार-आगारचे गोड तुकडे शाकाहारी आहेत. रायासाठी बरण्या भरून केलेल्या बिस्किटांत, अननसाच्या टार्टमध्ये आणि बाहुलू या छोट्या केकमध्ये मात्र बहुधा अंडे असते. आणि दोदोल जरूर घ्यावा. नारळाचे दूध, चिकट तांदळाचे पीठ आणि माडाचा गूळ मोठ्या कढईत कित्येक तास ढवळून तो केला जातो. गोव्यात नाताळला आणि एरवीही मिळणारा दोदोल याच कुळातला आहे. गोमंतकीय पाहुण्याने हे यजमानांना सांगितले तर संभाषणाला चांगली सुरुवात मिळते. मी शाकाहारी वाचकांना आणखी एक सुचवेन: निघण्यापूर्वी घरी थोडे खाऊन जावे, म्हणजे तिथे भुकेपोटी चिडचिड होत नाही आणि यजमानीणबाईंना ऐन वेळी काही वेगळे रांधावे लागत नाही.

जेवण उजव्या हाताने होते. नळीचे भांडे आणि खाली ताटली समोर आली तर ते हात धुण्याचे पाणी आहे. दुसऱ्याच्या हातावर ओतून त्याला मदत करणे चांगले मानतात. उजवा हात खरकटा असताना वाढण्याचा चमचा डाव्या हाताने धरून उजव्या मनगटाचा आधार देतात. सर्वांत वयस्क व्यक्तीने सुरुवात करेपर्यंत थांबावे. जेवणाआधी दुआ म्हटली जात असेल तर शांत बसावे.

प्रत्येक घरात ताट समोर येणारच आहे, म्हणून प्रत्येक ठिकाणी थोडेच घ्यावे. पोट भरले असल्यास 'सुदाह कन्यांग' म्हणावे. तरीही अगदी काहीच न घेता उठू नये. समोर ठेवलेले अन्न नाकारून निघालेल्या माणसावर वाटेत संकट येते, अशी जुनी मलय समजूत आहे, आणि म्हणून खायचे नसले तरी उजव्या हाताची बोटे पदार्थाला किंवा ताटलीला लावून मान देण्याची रीत आहे. शाकाहारी पाहुण्याला ही रीत विशेष उपयोगाची आहे: रेंदांगच्या ताटलीच्या काठाला बोटे टेकवावीत, हसून आभार मानावेत, आणि कोणाचाही अवमान होत नाही.

सातवी पायरी: दुइत राया, म्हणजे रायाचे पैसे

कमावते प्रौढ लहान मुलांना, आणि पुष्कळदा वृद्धांनाही, छोट्या पाकिटातून पैसे देतात. ही पाकिटे पूर्वी हिरवी असत, आता सर्व रंगांची मिळतात. परक्या पाहुण्यावर याचे बंधन नाही, पण काही पाकिटे बरोबर असलेली बरी. शक्यतो कोऱ्या नोटा घालाव्यात; सणाआधी बँका त्या बदलून देतात. एक, पाच किंवा दहा रिंगिटची नोट पुरते. त्याहून मोठी रक्कम ओळखीच्या नसलेल्या घरात दिल्यास यजमान संकोचतात. यजमानांची मुले निरोपाचा सलाम करतील तेव्हा पाकीट त्यांच्या हातात द्यावे, आणि तुमच्या मुलांना मिळालेले पाकीट तिथेच उघडू देऊ नये.

आठवी पायरी: प्रार्थनेच्या वेळा, छायाचित्रे आणि मुक्काम

भेटीच्या मध्येच अजान झाली तर यजमान दहा-पंधरा मिनिटे उठून जातील. बोलणे थांबवावे, नमाज पढणाऱ्याच्या पुढून जाऊ नये. सूर्यास्ताच्या सुमारास कोणाच्याही दारी नव्याने जाऊ नये आणि शुक्रवारी दुपारची वेळ टाळावी. जोहोरमध्ये मुआर आणि बातू पाहातच्या बाजूला 'बारान' ही प्रथा आहे, तीत गावकरी एकत्र येऊन एकामागून एक प्रत्येक घरी जातात, दुआ होते, थोडे खाणे होते आणि सगळे पुढच्या घराकडे निघतात. तुम्हाला बरोबर चला म्हटले तर जरूर जावे. एका सकाळीत गाव कसे राहते ते कळते. प्रार्थना चालू असताना मागच्या बाजूला शांत बसणे एवढेच तुमच्याकडून अपेक्षित असते.

छायाचित्रासाठी प्रत्येक वेळी विचारावे, विशेषतः स्त्रियांचे काढताना. घरात डोक्यावरचे वस्त्र काढून बसलेल्या स्त्रीचे छायाचित्र चुकूनही काढू नये. मुक्काम असेल तर अविवाहित जोडप्याला एक खोली मिळणार नाही, आणि ती मागूही नये. सकाळी अंगण झाडण्यात, भांडी विसळण्यात हात लावावा.

हारी राया हाजी, म्हणजे बकरी ईद, या सणाला आमंत्रण आले तर जाण्याआधी एक विचार करावा. त्या दिवशी मशिदीच्या आवारात सर्वांसमक्ष गुरांची कुर्बानी होते आणि गावकरी मिळून मांसाचे वाटे करतात. ज्यांना ते दृश्य सहन होणार नाही त्यांनी सकाळी न जाता दुपारनंतर घरी भेट द्यावी. यजमान हे समजून घेतात.

शेवटची पायरी: निरोप आणि परतीचे आमंत्रण

साधारण पाऊण तास ते एक तास एका घरात पुरेसा असतो. निघताना 'मिंता दिरी दुलु' म्हणून परवानगी मागावी, आत जाऊन घरातील सर्वांत ज्येष्ठ स्त्रीचा निरोप घ्यावा, आणि बांधून दिलेला खाऊ दोन्ही हातांनी घ्यावा. तो नाकारू नये. न चालणारा पदार्थ असेल तर पुढे शेजाऱ्याला देता येतो. घरी पोहोचल्यावर सुखरूप आल्याचा निरोप त्याच रात्री पाठवावा, कारण सणाच्या दिवसांत रस्त्यावर अपघात फार होतात आणि गावातली म्हातारी माणसे वाट पाहत असतात.

मलेशियात खुल्या घराची प्रथा दीपावलीलाही पाळली जाते, म्हणून राया करून आलेल्या मराठी कुटुंबाने त्या यजमानांना दिवाळीच्या फराळाला अवश्य बोलवावे. आमंत्रणातच फराळ शाकाहारी आहे आणि घरात मद्य नाही हे लिहावे. शक्य तर नवी किंवा कागदी ताटे वापरावीत. घरात कुत्रा असेल तर त्या वेळी त्याला दुसऱ्या खोलीत ठेवावे आणि तसे आधीच कळवावे. नमाजासाठी एक स्वच्छ कोपरा मोकळा ठेवून पश्चिमेकडील किब्ल्याची, म्हणजे नमाजात तोंड करायची, दिशा आधी पाहून ठेवावी, आणि आमंत्रणाची वेळ सूर्यास्तानंतर किमान अर्ध्या तासाची द्यावी.